सामायिक बसणं

गडवा फरशीवर पडला. पितळी गडवा दगडावर पडला की आधी ठण्ण आवाज होतो, मग तो गोल फिरत राहतो आणि आवाज बारीक होत जातो. मी तो शेवटपर्यंत ऐकला. माझे डोळे मिटलेले होते, पाठ भिंतीपासून चार बोटं सुटी होती आणि समोर वेळ मोजायची काचेची वाळूची घडी होती. श्वास आत, श्वास बाहेर, सात. आत, बाहेर, आठ.

न्हाणीकडून शेवंताचा खोकला आला. मग घशात पाणी अडकावं तसा एक आवाज आला. मग काहीच नाही.

मी उठले नाही.

मला ऐकू आलं होतं, हे आधीच सांगून टाकते. पुढे कित्येक वर्षं मी लोकांना सांगत आले की ध्यान इतकं लागलं होतं की काही कळलंच नाही. ते खोटं आहे. घडीत वाळू उरली होती, आणि वाळू उरली असताना उठायचं नाही असं मी धरून बसले होते. उठले तर माझा आजार परत येईल, असं मला वाटत होतं. म्हणून मी दहापर्यंत मोजलं, पुन्हा एकपासून मोजलं, वाळू संपली तेव्हा डोळे उघडले आणि न्हाणीत गेले.

शेवंता, माझी धाकटी जाऊ, दगडाला टेकून बसली होती. हिरवा पदर तोंडाशी धरलेला होता आणि तो पुढून काळा दिसत होता. रक्त हिरव्यावर काळं दिसतं.

माझ्याकडे पाहून ती म्हणाली, "झालं तुमचं बसनं?"

तो टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.

रोगाचं नाव

हे सगळं माझ्यापासून सुरू झालं. त्याच्या वर्षभर आधी मी इंझोरीला आमच्या शेतात कापूस वेचत होते. खोकला दोन महिन्यांचा होता, पण हंगामात खोकल्याकडे कोण बघतं. त्या दिवशी मी वाकले, खोकले, आणि ओटीतल्या कापसावर लाल शिंतोडे उडाले. शेजारच्या ओळीतली बाई ओरडली. मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर तेवढा कापूस काढून मातीत पुरला.

यजमानांनी दमणी जुंपली आणि मला कारंज्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाठीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि मग ते यजमानांशी बोलले. मी समोर बसले होते, पण माझ्याशी नाही. क्षय आहे म्हणाले. हिची भांडी वेगळी ठेवा, उष्टं कुणाला देऊ नका, थुंकी राखेच्या डब्यात आणि ती राख पुरायची. लेकराला जवळ घेऊ देऊ नका. हिने पडून राहायचं, बोलायचं नाही, चिडायचं नाही. एक बाटली दिली, पण बाटलीवर त्यांचाच भरवसा दिसला नाही. या रोगावर तेव्हा गोळी नव्हती.

परत येताना यजमान बराच वेळ बैलांशीच बोलत होते. मग म्हणाले, "घरी दमा म्हन."

"काहून?"

"क्षय म्हटलं तं उद्या पोरीले कोनी करनार नाई. विहिरीवर पानी भरू देनार नाई."

"अन् भांडे अलग काहून, असं कोनी इचारलं तं?"

"दम्यालेबी ठेवतेत म्हन."

आमची पोरगी चार वर्षांची होती. मी म्हटलं, "होये." हे खोटं यजमानांचं एकट्याचं म्हणून मी कधी सांगितलं नाही. ते दोघांचं होतं आणि माझ्या तोंडून गेलं.

शेवंताच का

दवाखाना जवळ असावा म्हणून कारंज्यात एक खोली घेतली. जैन मंदिराच्या मागच्या गल्लीत रतनबाई नावाची म्हातारी विधवा एकटी राहायची, तिच्याच घराची ती अर्धी बाजू. तिची सपरी, म्हणजे ओसरी, आणि आमची सपरी समोरासमोर, मध्ये अंगण. आता माझ्याबरोबर कोण जाणार, हा प्रश्न होता. सासूबाई तयार होत्या. त्यांनी गाठोडं बांधलंसुद्धा होतं.

मी यजमानांना म्हटलं, "आत्याबाई आल्या तं मी खोकल्यानं नाई मरनार, त्यायच्या बोलन्यानं मरीन. शेवंताले धाडा. तिले लेकरू नाई, पाश नाई."

यजमान हसले. मलाही ते बोलणं फार चांगलं जमलं असं वाटलं.

शेवंता अठरा वर्षांची होती. दोन हंडे डोक्यावर आणि एक कडेवर घेऊन ती चालताना बोलायची सुद्धा. नवं हिरवं लुगडं नेसून ती दमणीत बसली, जत्रेला निघाल्यासारखी. "जाऊबाई, तुमच्या दम्यानं मले कारंजा दाखवलं," म्हणाली. सासूबाई साठ वर्षांच्या होत्या आणि सगळ्यांवर संशय घ्यायच्या. त्यांनी माझ्या भांड्याला हात लावला नसता. हे मला नंतर सुचलं.

दिवस असे जायचे. सकाळी कोवळं ऊन सपरीत येई, तेव्हा बाज उन्हात. दूध, मग औषध. दुपारी मुगाचं वरण आणि त्यात तूप, डॉक्टरांनी सांगितलेलं. तीनच्या सुमाराला ताप चढायचा. ताप चढण्याआधी मी त्याची वाट बघत पडून राहायची आणि ते तापापेक्षा वाईट होतं. भीतीनं श्वास वाढला की खोकला, खोकला आला की पुन्हा भीती. शेवंता पाय चेपत बसायची आणि बाजारात पाहिलेलं सगळं सांगायची. एका बाईनं भाजीवाल्याच्या तराजूत आपलं पोर बसवून कसं तोललं, याची नक्कल ती अशी करायची की मला हसून खोकला यायचा. मग ती स्वतःच्याच तोंडावर चापट मारून घ्यायची.

वरण मला संपायचं नाही. वाटीत अर्धं उरायचं. एक दिवस मी बाजेवरून पाहिलं, चुलीपाशी शेवंता माझी वाटी भाकरीनं पुसून खात होती. आमच्या घरी धाकट्या जावेनं थोरलीच्या ताटात जेवायची रीत होती. थोरलीनं ताट दिलं म्हणजे जवळ केलं, असं धरायचे.

मी म्हटलं, "टाकून दे ते."

"तूप हाये त्यात, जाऊबाई. दमा काय वरनातून लागते?" आणि ती हसली.

तेव्हा खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ती खायची तेव्हा मी त्या बाजूला बघत नसे.

म्हातारीची घडी

रतनबाई रोज सकाळी आपल्या सपरीत चटई टाकून डोळे मिटून बसायची. समोर लाकडाच्या चौकटीतली काचेची घडी. वरची वाळू खाली उतरली की ती घडी उलटायची, असं दोनदा. मी बाजेवरून बघत असे. एकदा तिनं तिथूनच हाक मारली.

"पोरी, तू पडून तं रायतं, पन थांबत नाईस. माह्यासंगं सामायिक बसत जाय."

सामायिक हा शब्द मला शेतातला ठाऊक होता. आमची विहीर चुलत घराबरोबर सामायिक होती आणि निम्मं भांडण तिच्यावरूनच चालायचं. मी विचारलं, "कोनासंगं सामायिक? हिस्सा कोनाचा?"

म्हातारी इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. "अवो माय! विहिरीची गोष्ट नाई. मन सम ठेवाचं. तेवढा टाइम कोनावर राग नाई, कोनाचा लोभ नाई, सगये जीव सारखे."

"मी तुमच्या धर्माची नाई."

"मंग तुह्या देवाचं नाव घे. नाई तं श्वास मोज. श्वास कोन्या धर्माचा हाये?"

पहिल्या दिवशी मी तीनपर्यंत मोजलं आणि मग आमची म्हैस आठवली. तिला वैरण कोण टाकत असेल इथपासून ती व्याली असेल इथपर्यंत मी गेले, तोवर पाय लाकूड झाला होता. ओठावर माशी बसली. मी रतनबाईला म्हटलं, हे मला यायचं नाही. ती म्हणाली, मोजणं चुकलं तर पाप लागत नाही, एकपासून पुन्हा मोजायचं, बस. मांडी घालवत नसेल तर बाजेच्या कडेला पाय सोडून बैस. अर्धी घडी बैस. पण रोज, त्याच वेळी, त्याच जागी.

आठ-दहा दिवसांनी मी एकदा दहापर्यंत पोचले. कुणी सोन्याचा दागिना दिला असता तरी तितकं बरं वाटलं नसतं. महिन्याभरानं असं झालं की भीती यायची, पण तिच्यामागोमाग खोकला यायचाच असं राहिलं नाही. दुपारी झोप लागू लागली. पुढे तापही उतरू लागला. बसण्यानं उतरला, की दुधातुपानं, की शेवंताच्या हातच्या सेवेनं, ते मला आजही सांगता येणार नाही. मी त्याचं सगळं श्रेय बसण्याला दिलं.

आणि इथं माझी चूक झाली. आमच्या घरात देवाकडे काही मागायचं तर नवस बोलायचा, आणि नवस मोडला की कोप. मला दुसरी रीत ठाऊक नव्हती. मी बसण्याचाच नवस केला. बरी होईस्तोवर एकही घडी मोडणार नाही, मोडली तर मी मेले. रतनबाईला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं तिथंच माझे कान उपटले असते.

आला तर येऊ दे

बसलं की आवाज फार येतात. जिनिंगचा भोंगा, मंदिराची घंटा, चिमण्या, गल्लीतली भांडणं. मी कुरकुर केली तेव्हा रतनबाई म्हणाली, "आवाज आला तं येऊ दे, गेला तं जाऊ दे. त्याच्या मांगं जाऊ नको." नव्यानं बसणाऱ्याला याहून चांगलं सांगण्यासारखं काही नाही. मी अजून सगळ्यांना तेच सांगते.

पोळ्यानंतर शेवंता खोकू लागली. मी बसायची त्याच वेळी ती न्हाणीत भांडी घासायची, म्हणून तो खोकला मला मिटल्या डोळ्यांनीच जास्त ऐकू आला. आधी मला त्याचा राग यायचा. मग मी शिकवणीप्रमाणे वागू लागले. आला, येऊ दिला. गेला, जाऊ दिला. दसऱ्यापर्यंत मला ते इतकं चांगलं जमलं की खोकल्यानं माझं मोजणं चुकेनासं झालं. मला त्याचा अभिमान वाटायचा.

तो खोकला माझ्या ओळखीचा होता. कोरडा, दोनदा लागोपाठ आणि थांबून तिसरा. माझा तसाच होता. तिच्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या होत्या. मी डोळे उघडल्यावर एकदाच विचारलं.

"काहून खोकून राह्यली वं?"

"चूल लय धुपते, जाऊबाई."

"होये, धुराचाच असन," मी म्हटलं.

चार महिने ती खोकली, आणि चार महिने मी तिच्या खोकल्यावर मन घट्ट करायला शिकले.

आडवी घडी

गडवा पडला त्या सकाळी रतनबाई मंदिरात गेली होती. ती परतली तेव्हा मी शेवंताला बाजेवर निजवलं होतं, माझ्याच बाजेवर.

"पडली तवा तू कुठी व्हती?" तिनं विचारलं.

"घडी चालू व्हती."

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. मग ती वाकली, सपरीतली घडी उलटी केली, वाळू पडू लागली, आणि तिनं ती फरशीवर आडवी ठेवली. वाळू थांबली.

"आडवी केली की थांबते, पोरी. मानूस पडलं तं उठा लागते. हेबी सांगा लागते का?"

मी इतके महिने रोज ती घडी समोर ठेवून बसत होते. ती आडवी ठेवता येते, हे मला सुचलं नव्हतं.

डॉक्टरांनी शेवंताची पाठ ऐकली आणि तेच सांगितलं, शब्दाला शब्द. या वेळी ऐकायला मी होते. खोलीवर आल्यावर मी तिच्यासमोर बसले.

"शेवंता, मले दमा नव्हता."

"मंग काय व्हतं?"

मी सांगितलं. ती नखानं बाजेचा सुंभ उकलत राहिली.

"तुमाले पयलेपासून ठाऊक व्हतं?"

"होये."

मग सुंभ सोडून ती म्हणाली, "तूप व्हतं म्हनून खाल्लं म्या. तुमी सांगतलं असतं तं तूपबी टाकलं असतं."

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी तिनं वाटी पुढे सरकवली. "आता माह्ये भांडे तुमी घासा. अन् उष्टं खासान तं याद राखा."

घरची माणसं आली. यजमानांचं म्हणणं, तिला माहेरी धाडा. माझा दीर, तिचा नवरा, खांबाला टेकून उभा होता. मी अंगणात उभी राहून सगळ्यांसमोर रोगाचं नाव घेतलं. मला हाच होता, माझ्याकडून हिला लागला, ही इथंच राहील आणि हिचं मी करीन. सासूबाई मट्‌कन खाली बसल्या. मग मला म्हणाल्या, "माह्या बोलन्यानं मेली नसती तू." त्यांच्यापर्यंत ते कुणी पोचवलं होतं कोण जाणे.

यजमान जाताना म्हणाले, "पोरीचं वाटोयं केलं तू." पोरीचं लग्न पुढे वेळेवर झालं आणि चांगलं झालं. त्या एका भीतीपायी आम्ही शेवंताला अंधारात ठेवलं होतं.

डोळे उघडे

मला वाटलं, आपल्याला बसण्याचा गुण आला, तर हिलाही शिकवावं. ती म्हणाली, "मले नको. डोये मिटले की भेव वाटते. तुमी बसा. पन डोये उघडे ठेवा, अन् माह्याकडे पाहा."

तशी मी बसू लागले. तिच्या बाजेशेजारी, डोळे उघडे. माझे श्वास मोजायचे सोडले आणि तिचे मोजले. ती खोकली की घडी आडवी करायची, उठायचं, राखेचा डबा धरायचा, पाठ चोळायची, पाणी द्यायचं, आणि परत येऊन घडी उभी करायची. एका घडीत पाच-सहा वेळा उठावं लागे. त्या महिन्यांत माझी एकही घडी सरळ पुरी झाली नाही. मला काहीही झालं नाही. माझं वजन वाढत होतं. ती ते बघायची.

"तुमचे गाल आले, जाऊबाई," एकदा म्हणाली. मी तिची वाटी घासायला उचलली. मग तीच म्हणाली, "बरं झालं. दोघीबी मेलो असतो तं भांडे कोन घासते?"

सामायिक शब्दावर मी रतनबाईला काय विचारलं होतं, ते मी शेवंताला पूर्वी सांगितलं होतं. माघात एका सकाळी ऊन चांगलं होतं, खोकला कमी होता. मी बसले होते, ती माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "आता झालं खरं सामायिक. सांगा, हिस्सा कोनाचा?" आणि भाजीवाल्याच्या तराजूतल्या त्या पोरासारखं तोंड केलं. आम्ही दोघी हसलो. त्या सगळ्या दिवसांतलं एवढंच मला जपून ठेवावंसं वाटतं.

बसणाऱ्यांसाठी

आता आमच्याकडे कुणी अंथरुणाला खिळलं की माझ्याकडे येतात, कसं बसायचं ते विचारायला. मी अजून रोज सकाळी बसते, म्हणून. मी सांगते, बसा. थोडं बसा, रोज बसा. मोजणं चुकेल, पुन्हा मोजा. भीती जाणार नाही, पण तिच्याबरोबर श्वास पळत नाही. एवढंही आजारात पुष्कळ असतं. रोगाचं नाव घरात सगळ्यांना सांगा, विशेषतः जो तुमची भांडी घासतो त्याला. आणि डोळे मिटण्याआधी घरात कोण खोकतंय ते बघून या.

लोक म्हणतात, आजी, तुमचं मन किती शांत आहे. मी त्यांना खरं सांगत नसे. आता लिहून ठेवलं. पन्नासहून अधिक वर्षं मी बसते आहे आणि आजही सातव्या श्वासावर गडवा पडतो. मी त्याला येऊ देते. तो जात नाही, आणि त्यानं जावं असं मी मागतही नाही.

शेवंता वैशाखात गेली, सकाळच्या उन्हात, बाजेवर. घडी आडवी होती आणि माझा हात तिच्या पाठीखाली होता. तिची वीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

मी वाचले.